विटा झेलणारे हात

कॅलिफोर्नियातल्या सॅन कार्लोस गावालगत एजवुड नावाचे एक राखीव उद्यान आहे. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बागबगीचा येतो. प्रत्यक्षात ती टेकडी आहे. ओकच्या झाडांची, गवताळ उतारांची, वसंतात रानफुलांनी भरून जाणारी. २०१९ च्या मे महिन्यात भाच्याकडे गेलो असताना एका रविवारी सकाळी त्याने आम्हा दोघांना तेथे नेले. चढ फारसा नाही, असे तो म्हणाला होता. सुमारे अडीच मैलांची ती वाट आम्ही निम्मी चढलो आणि एका वळणावर धापा टाकीत थांबलो. आम्ही पती-पत्नी एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, चाळिशी उलटलेली, व्यायाम म्हणाल तर स्टाफरूम ते वर्ग आणि वर्ग ते ग्रंथालय. भाच्याला आमची दया आली असावी. विश्रांतीला काही निमित्त हवे म्हणून तो म्हणाला, “मामा, जेरी राइस रोज इथे पळायचा. आणि तुला गंमत सांगू? त्याचे वडील आपल्या आजोबांसारखे गवंडी होते.”

जेरी राइस हे नाव आम्ही तोवर ऐकले नव्हते. अमेरिकन फुटबॉल हा खेळही आम्हांस कळत नव्हता. शिरस्त्राणे घातलेली धिप्पाड माणसे एकमेकांवर आदळतात, यापलीकडे त्यात काही असेल असे कधी वाटले नव्हते. परंतु ‘आजोबांसारखे गवंडी’ हे शब्द मनात रुतून बसले. परत आल्यावर जे मिळेल ते वाचत गेलो, जुने सामने पाहत गेलो. या लेखाचा प्रपंच त्यातूनच उभा राहिला आहे.

खेळाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. चेंडू पुढे नेत नेत प्रतिपक्षाच्या हद्दीअखेरच्या पट्ट्यात पोचवायचा. तो पोचला की टचडाउन. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक आणि धावत जाऊन तो झेलणारा तो रिसीव्हर. बघणाऱ्याला वाटते की क्वार्टरबॅक मोकळा गडी हेरतो आणि त्याच्याकडे चेंडू टाकतो. वस्तुस्थिती निराळी आहे. राइस ज्यांच्या हाताखाली घडला त्या बिल वॉल्श या प्रशिक्षकांच्या पद्धतीत तर पावलेसुद्धा मोजलेली असत. रिसीव्हर इतकी पावले सरळ धावणार, मग अमुक कोनात वळणार. तो वळण्यापूर्वीच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून सुटलेला असणार. वळून पाहावे तो चेंडू समोर आलेला. म्हणजे झेलणाऱ्याचे काम खरे तर धावण्याचे नाही, ठरल्या क्षणी ठरल्या जागी हजर असण्याचे आहे. आणि नंतर हात चुकू न देण्याचे.

राइसचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२ रोजी मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिलचा. बालपण जवळच्या क्रॉफर्ड या खेड्यात गेले. ही तारीख महत्त्वाची आहे. त्याच्या जन्मापूर्वी अवघे दोन आठवडे, १९६२ च्या १ ऑक्टोबरला, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाने मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घेतला होता. तो होऊ नये म्हणून आदल्या रात्री दंगल उसळली, दोन माणसे मेली, आणि प्रवेश सुरळीत व्हावा यासाठी केंद्र सरकारला सैन्य आणावे लागले. अशा राज्यात, अशा महिन्यात, एका कृष्णवर्णीय गवंड्याच्या घरी हे मूल जन्मास आले. भीती या शब्दाकडे पुढे यावयाचे आहे. तेव्हा ही पार्श्वभूमी ध्यानात असलेली बरी.

वडील जो नेथन राइस विटांचे बांधकाम करीत. उन्हाळ्याच्या सुटीत मुले त्यांच्या हाताखाली राबत. जेरी परांचीवर उभा राही आणि भाऊ खालून विटा फेकीत. एक, दोन, कधी एकदम तीन-चार. त्या हवेतल्या हवेत झेलायच्या आणि बापाच्या हाताशी ठेवायच्या. अमेरिकेत राइसवर जे जे लिहिले गेले त्या सगळ्यात ही गोष्ट येते. जगातले सर्वोत्तम हात विटा झेलून तयार झाले. चरित्रकाराला याहून सुबक आरंभ कोणता हवा?

आमच्यापैकी एकाने लहानपणी वडिलांच्या कामावर विटा झेललेल्या आहेत. त्यामुळे या गोष्टीत काय आहे आणि काय नाही, हे आम्हांस थोडे सांगता येईल. वीट चेंडूसारखी गोल नसते, तिला कोपरे असतात. हात ताठ धरून ती अडवू गेले की तळव्याची साल निघते. ती ज्या वेगाने येते त्याच वेगाने हात किंचित मागे न्यावा लागतो, तिला आत घ्यावे लागते. हे कोणी शिकवीत नाही. दोन दिवस तळवे सोलले की हात आपसूक शिकतात. दुसरी गोष्ट अशी की, झेललेल्या विटेची दखल कोणी घेत नाही. शंभर विटा झेलल्या तरी परांचीवरून शब्द येत नाही. एक सुटली, फुटली, की येतो. आमचे वडील रागीट नव्हते. विटेचे पैसे मालकाचे, तुटफूट मजुरीतून जायची, एवढाच हिशेब होता. पण हातांनी जे शिकायचे ते शिकत असताना मन काय शिकत होते, हे मात्र फार उशिरा कळले.

राइसच्या शालेय जीवनातली एक हकिकत त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. वर्ग बुडवून भटकत असताना शाळेचे उपमुख्याध्यापक मागून येऊन उभे राहिले. मुलगा दचकला आणि असा पळाला की ते पाहतच राहिले. दुसऱ्या दिवशी छड्या मिळाल्या आणि फुटबॉलच्या प्रशिक्षकांकडे रवानगीही झाली. विनोदी म्हणून सांगितली जाणारी ही हकिकत आम्हांस तितकी विनोदी वाटत नाही. या माणसाच्या कारकिर्दीतली पहिली धाव भीतीपोटीची होती, एवढेच येथे नोंदवून ठेवतो.

मोठ्या विद्यापीठांपैकी एकानेही त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो गेला इट्टा बेना या लहानशा गावी, मिसिसिपी व्हॅली स्टेट विद्यापीठात. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी १९५० मध्ये सुरू झालेली ही संस्था. तेथले प्रशिक्षक आर्ची कूली धाडसी वृत्तीचे होते. त्यांनी चेंडू घेऊन धावण्याची जुनी रीत जवळजवळ मोडीत काढली आणि फेकण्यावर सारी भिस्त ठेवली. फेकणारा विली टॉटन, झेलणारा राइस. १९८४ च्या हंगामात राइसने २७ टचडाउन झेलले. त्या विद्यापीठाच्या मैदानाला १९९९ पासून या दोघांचे नाव आहे.

१९८४ च्याच ऑक्टोबरात ह्यूस्टनमधल्या एका हॉटेलात, सामन्याच्या आदल्या रात्री, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाच्या वॉल्श यांनी दूरचित्रवाणीवर या मुलाच्या खेळाची काही क्षणचित्रे पाहिली आणि ती त्यांच्या मनात राहिली. पुढल्या वर्षी व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा १५ नावे पुकारली गेली तरी राइस शिल्लक होता. तो लहान विद्यापीठाचा होता, आणि नुसत्या वेगातही पहिल्या रांगेतला नव्हता. त्याच्याआधी दोन रिसीव्हर घेतले गेले. त्यांपैकी एक सिनसिनाटी बेंगल्सने घेतला. वॉल्श यांनी दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून सोळावी जागा मिळवली आणि राइसला घेतले. चार वर्षांनी अजिंक्यपदाच्या सामन्यात, सुपर बोलमध्ये, समोर आले ते हेच बेंगल्स. २२ जानेवारी १९८९ च्या त्या सामन्यात राइसने ११ चेंडू झेलून २१५ यार्ड मिळवले, आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला. गंमत अशी की, शेवटची ३४ सेकंद उरली असता विजयाचा जो टचडाउन झाला तो जॉन टेलरने झेलला. बेंगल्सच्या रक्षकांचे डोळे राइसवर होते. ज्याला आपण एकदा नाकारले त्याच्याकडेच बघत राहिल्यामुळे ते हरले, असे म्हणायचा मोह होतो.

परंतु विटांच्या गोष्टीचे चाहते मधली दोन वर्षे सहसा गाळतात. पहिल्या हंगामात, १९८५ मध्ये, याच हातांतून झेल सुटत होते. एकामागून एक सुटत होते. घरच्या मैदानावरचे प्रेक्षक त्याची हुर्यो करीत होते. विटा झेललेल्या हातांना चेंडू झेलता येईना! डिसेंबरात रॅम्सविरुद्ध २४१ यार्ड मिळाले तेव्हा कोठे हात मोकळे झाले. नंतर जानेवारी १९८७ मधला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना. राइसने चेंडू झेलला, रक्षक मागे टाकले, समोर मैदान मोकळे, कोणी स्पर्शही केलेला नाही, आणि धावता धावता चेंडू त्याच्या हातून निसटला. प्रतिस्पर्ध्यांनी तो उचलला. फोर्टीनाइनर्स ४९–३ असे हरले. पुढचा हंगाम खेळाडूंच्या संपामुळे त्याच्या वाट्याला १२ सामन्यांचाच आला. त्या १२ सामन्यांत त्याने २२ टचडाउन झेलले. हा आकडा विक्रम म्हणून सांगतात. आम्हांस मात्र त्यामागे तो निसटलेला चेंडू दिसतो.

मग ती टेकडी. हंगाम संपला की इतर खेळाडू विश्रांती घेत, राइस एजवुडच्या चढावर पळू लागे. नव्या दमाचे खेळाडू हौसेने त्याच्याबरोबर येत आणि मध्येच बसकण मारीत. सरावातसुद्धा त्याची एक रीत होती: साधा पाच यार्डांचा चेंडू झेलला तरी तो तेथे थांबत नसे, थेट शेवटच्या पट्ट्यापर्यंत धावत जाई. सोमवार असो, गुरुवार असो, मैदानात कुत्रे नसो. १९८५ ते २००४ अशा २० हंगामांत ३०३ सामने, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड आणि सर्व प्रकारचे मिळून २०८ टचडाउन, हे सारे अशा धावण्यातून आले. यार्डांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झगेराल्ड त्याच्यापेक्षा पाच हजारांहून अधिक यार्डांनी मागे आहे. तीन सुपर बोल विजयही त्याच्या नावावर आहेत. या आकड्यांविषयी अधिक लिहीत नाही. ते कोठेही मिळतात.

त्यापेक्षा १९९७ पाहू. पहिल्या बारा हंगामांत दुखापतीमुळे त्याचा एकही सामना चुकला नव्हता. या वर्षी पहिल्याच सामन्यात गुडघ्याचे दोन स्नायुबंध फाटले. हंगाम संपला, असेच सगळ्यांनी धरले. चौदा-पंधरा आठवड्यांत, १५ डिसेंबरला, तो मैदानावर परतला, टचडाउन झेलला, आणि खाली पडताना त्याच पायाची गुडघ्याची वाटी फुटवून बसला. पराक्रम म्हणून हे सांगता येते. पण घाई कसली होती? वय ३५, सर्व विक्रम गाठीशी, थांबला असता तर कोण काय म्हणणार होते? या प्रश्नाचे उत्तर बाहेर सापडत नाही.

आणि थांबणे त्याला खरोखरच जमले नाही. १७ डिसेंबर २००० रोजी फोर्टीनाइनर्सकडून घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना झाला. साठ-सत्तर हजारांनी निरोप द्यायला यावे, आणि त्याच दिवशी संघातल्याच तरण्याबांड टेरेल ओवेन्सने २० चेंडू झेलून १९५० पासूनचा विक्रम मोडावा, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आम्ही वर्गात त्याला ‘योजून आणलेला प्रसंग’ म्हटले असते. राइस ओकलंडला गेला. चाळिशी गाठली त्या २००२ च्या हंगामात त्याने ९२ झेल घेतले, १,२११ यार्ड मिळवले. सुपर बोलपर्यंत पोचला आणि हरला. सप्टेंबर २००४ मध्ये ओळीने २७४ सामन्यांत किमान एक झेल घेण्याची त्याची मालिका तुटली. मग सिएटल. मग डेन्व्हरचे सरावशिबिर. तेथे खालच्या क्रमांकावर बसावे लागेल असे दिसले तेव्हा, सप्टेंबर २००५ मध्ये, ४२ व्या वर्षी त्याने निवृत्ती घेतली. पुढल्या वर्षी जुन्या संघाने त्याच्याशी औपचारिक करार केला, निव्वळ त्यांचा म्हणून निवृत्त होता यावे यासाठी. कराराची रक्कम १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. १९८५ हे आगमनाचे वर्ष, ८० हा अंगरख्याचा क्रमांक, ०६ हे निवृत्तीचे वर्ष आणि ४९ म्हणजे संघ. ही रक्कम अर्थातच द्यावयाची नव्हती.

७ ऑगस्ट २०१० रोजी ओहायोतल्या कँटन येथे त्याचा कीर्तिमंदिरात समावेश झाला. त्या प्रसंगीचे त्याचे भाषण आम्ही टेकडीवरून आल्यावर बऱ्याच महिन्यांनी ऐकले. अशा भाषणांत आभार असतात, आठवणी असतात. तेही होते. पण मध्येच तो म्हणाला, त्याचा आशय असा: मला आयुष्यभर पळवले ते अपयशाच्या भीतीने, आईवडिलांना, मग प्रशिक्षकांना, सहकाऱ्यांना, चाहत्यांना निराश करावे लागेल या धास्तीने. क्रीडामानसशास्त्रज्ञ म्हणतात की भीती टाकून द्या. माझे इंजिन तीच होती. आणि एकच खंत आहे. हे सगळे चालू असताना त्याचा आनंद घ्यायला मी कधी थांबलो नाही.

भाषण ऐकून आम्ही बराच वेळ बोललो नाही. आमचे वडील म्हातारपणी, आपण बांधलेल्या एखाद्या घरावरून जाताना, हमखास थांबत आणि भिंतीकडे बघत. ओळंबा नजरेतच असे त्यांच्या. भिंत कोठे कलली, सांधा कोठे सुटला, हेच ते हुडकत आहेत असे आम्हांस वाटे, आणि तसेच असेही. चाळीस वर्षे घरे बांधणाऱ्या माणसाला एक भिंत नुसती बरी दिसली, असे त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही.

येथे आमच्यांत मतभेद आहेत, ते लपवीत नाही. आमच्यापैकी एकाला वाटते की १९६२ च्या मिसिसिपीत जन्मलेल्या गवंड्याच्या मुलाला निर्भय होऊन खेळा असे सांगणे ही सुखवस्तूंची चैन आहे. त्याच्यापाशी भांडवल होते ते भीतीचेच, आणि ते त्याने वाया घालवले नाही. दुसरीचे म्हणणे असे की भांडवल असले तरी कर्जही तेच होते, आणि २०८ टचडाउन करूनही ते फिटले नाही. २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. हातमोज्यांवर आपण थोडा चिकट फवारा मारत असू, असे राइस एका कार्यक्रमात बोलून गेला होता. असे चिकट पदार्थ १९८१ पासून निषिद्ध आहेत. पुष्कळ टीका झाली. त्या काळी सगळेच वापरीत, असे त्याने नंतर म्हटले. काहींच्या लेखी त्यामुळे विक्रमांना डाग लागला. आम्हांस तो निकाल देता येणार नाही. मात्र ज्या हातांवर जगाचा एवढा विश्वास होता, त्या हातांवर त्यांच्या मालकाचाच पुरता विश्वास नसावा, एवढे त्यातून दिसते.

आता स्वतःविषयी. विटांची गोष्ट आम्ही वर्गात सांगत असू. आमच्याकडे येणारी निम्मी मुले घरातली पहिलीच महाविद्यालयात आलेली. कोणाचे वडील ऊसतोडीला, कोणाचे सेंट्रिंगच्या कामावर. त्यांना ही गोष्ट आवडे. त्यात एक मुलगी होती. ती सगळ्यांत मन लावून ऐके. एम.ए.ला ती पहिली आली. गुणपत्रिका दाखवायला आली तेव्हा आम्ही म्हणालो, “अगं, पेढे कुठे आहेत?” ती म्हणाली, “सर, नेट झालं की आणते.” नेट झाली. तेव्हा म्हणाली, “पीएच.डी.ला प्रवेश मिळू दे, मग एकदमच आणते, मॅडम.” चेहऱ्यावर आनंद नव्हता, सुटकाही नव्हती, पुढची वीट खालून निघाली आहे एवढेच दिसत होते. जाता जाता ती सहज बोलून गेली, “एकदा जरी चुकलं असतं ना, तर घरचे परत पाठवणार नाहीत असंच वाटायचं.” आम्ही तिला काय सांगितले होते, तर गोष्टीचा पूर्वार्ध. झेलत राहा. उत्तरार्ध आम्हांस माहीत असूनही वर्गात आला नव्हता. तो परीक्षेच्या उपयोगाचा नाही, असेच कोठेतरी मनात असावे.

गेल्या वर्षापासून आम्ही ती गोष्ट कँटनच्या भाषणापर्यंत सांगतो. मुले पूर्वीइतकी भारावत नाहीत. एकाने विचारले, “मग त्याने मेहनत करायला नको होती का?” उत्तर आमच्यापाशी नाही, वर सांगितल्याप्रमाणे आमच्या घरातच त्यावर दोन मते आहेत.

दिवाळीच्या सुटीत मात्र आम्ही पाव किलो पेढे घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. ती रानात गेली होती. तिचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी पुडा दोन्ही हातांत घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, “कशाचं म्हणायचं हे?” आम्ही सांगू लागलो. एम.ए., पहिला नंबर, नेट. त्यांनी सगळे ऐकून घेतले, एक पेढा काढून कपाळाला लावला, आणि बांधावरून येणाऱ्या लेकीला हाक मारायला उठले.